भिंगरीबाईंचं ‘येते हं’

भिंगरीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावल्यासारख्या दिवसभर या घरातून त्या घरात पळायच्या, म्हणून पालकांनीच ते ठेवलेलं. स्वमग्न मुलांना घरी जाऊन शिकवणं हे त्यांचं काम. आणि मुलांपेक्षा आईबापांना जास्त. “गोलगोल बोलू नका हो! पोर शब्द धरून बसतं,” असं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायच्या.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या छकुलीच्या आईनं दार अर्धंच उघडलं. “बाई, उद्यापासून नका येऊ.”

बाई दार ढकलून आत शिरल्या. आठ वर्षांच्या छकुलीला आत्ता कुठे शब्द कळायला लागले होते!

“अहो, पण झालं काय?”

“तुम्ही गेलात की ही दाराला चिकटते. जेवत नाही, हलवलं तर किंचाळते. पंधरा दिवस झाले. मी थकले हो.”

बाई खोलीभर येरझाऱ्या घालायला लागल्या. आवाजाचं काही? उजेडाचं? चित्रांची कार्डं दोनदा खालीवर केली, काही सुचेना. “निघताना मी करते तरी काय?”

“काय करणार? ‘येते हं’ म्हणता आणि जाता.”

बाईंनी हातातली कार्डं खाली ठेवली. सगळ्या जगाला अक्कल शिकवणारी ही बया रोज दारात ‘येते’ म्हणत होती, आणि पोरगी बिचारी तिची वाट बघत उपाशी राहत होती!

तास संपला. बाईंची जीभ उचलेना. कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ हा शब्द त्यांनी जन्मात काढला नव्हता. “छकुली, मी जाते. उद्या चार वाजता परत.”

“अगंबाई, असं नाही म्हणू!” आईच्या तोंडून निघालंच.

छकुलीनं घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ जाऊन ताटावर बसली. एक घास, दोन घास. बाईंना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

मग छकुली आईला म्हणाली, “बाबा ‘येतो’ म्हणाले.”

दोन वर्षांपूर्वी तिचा बाप दुसरा संसार थाटायला गेला होता. आई पोरीला रोज ‘येतील’ सांगत आली होती. बाईंना पळून जावंसं वाटलं, पण त्या हलल्या नाहीत.

“बाबा गेले,” आई कशीबशी म्हणाली. “परत येणार नाहीत.”

छकुलीनं मान हलवली, पुढचा घास घेतला. दाराशी जाऊन रडली ती आई.