जाहिरातीतला हसरा चेहरा

नोकरीत हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका हरवलेल्या मुलीचा तपास मात्र जसाच्या तसा लक्षात आहे. तो आठवला की त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. सावद्याच्या बाजूला मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना केळीच्या बागा असलेले एक वयस्कर शेतकरी ठाण्यात आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांची विशीतली मुलगी घरातून निघून गेली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात भांडण झालं? नाही. कुणाशी काही प्रकरण? नाही. लग्न ठरलंय? नाना जरा थांबले आणि म्हणाले, "अजून नाही." हरवल्याची नोंद घेतली, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला आणि तिचा फोटो बसस्थानकांवर लावला. तक्रार द्यायला आलेला माणूस निम्मी गोष्ट घरीच ठेवून येतो, हे मला तोवर कळलेलं होतं.

खबर मिळाली ती धुळ्याच्या गाडीवरच्या कंडक्टरकडून. त्याने घडी केलेला एक रंगीत कागद माझ्या टेबलावर पसरला. "साहेब, हीच ना ती?"

धुळ्याजवळच्या एका करमणूक क्लबची ती जाहिरात होती. रमीच्या परवान्याआड तिथे सर्रास जुगार चाले. नानांनी मला दिलेलाच फोटो त्यावर मोठा करून छापला होता. खाली मजकूर होता, 'ताईंचं नशीब पहिल्याच डावात उघडलं. तुमचं कधी? नवीन येणाऱ्यांना पहिला डाव मोफत.'

"आणखी एक सांगतो," कंडक्टर म्हणाला. "धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत प्रत्येक स्टँडवर ही जाहिरात आहे. पण कुणीतरी सगळीकडे नेमका चेहरा तेवढा खरवडून काढलाय."

मी नानांना बोलावून कागद पुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला.

"लग्न ठरलं होतं साहेब. शिंदखेड्याचं स्थळ. त्यायनं हाच कागद आणून माझ्यापुढे टाकला आन सोयरीक मोडली. मी पोरीले काही इचारलं नाही. तिच्याशी बोलणंच बंद केलं."

फोटो स्थळासाठी जळगावच्या एका स्टुडिओत काढला होता. स्टुडिओवाल्याने कबूल करायला फार वेळ घेतला नाही. त्याच्या स्टुडिओतले फोटोमागचे पडदे रंगवणारा धुळ्याचा एक चित्रकार क्लबच्या जाहिरातीही करत असे, त्याला त्याने निगेटिव्ह दिली होती.

हा चित्रकार पूर्वी शाळेत शिकवत असे. आम्ही पोचलो तेव्हा त्याने आधी चहा सांगितला. आपण काही गैर केलं असं त्याला वाटतच नव्हतं.

"मुलीचा फोटो का?" मी विचारलं.

"साहेब, सवयीचे लोक जाहिरात न बघताही येतात. मालकाला नवीन माणसं हवी होती. पुरुषाचा फोटो लावला की तो अड्डा वाटतो. नटी लावली तर लांबची वाटते. अशी साधी, गजरा माळलेली मुलगी दिसली की माणूस म्हणतो, ही गेली तर आपण जायला काय हरकत आहे?"

"तिला विचारलं होतं?"

"तिला इकडे कोण ओळखणार? सावदा कुठे, धुळं कुठे."

मी तिच्या बेपत्ता होण्याची नोटीस त्याच्या हातात दिली. ती वाचून तो खुर्चीवर बसला.

"ती आली होती इथे, स्टुडिओतून माझा पत्ता काढून," तो हळू आवाजात म्हणाला. "दारात उभी राहिली तेव्हा मीच घाबरलो. ओरडली नाही, रडली नाही. अजून कुठं कुठं लावलंय, एवढंच विचारलं. मी सांगितलं. शिंदखेड्याच्या फाट्यावर मी हाताने रंगवलेला मोठा बोर्ड आहे, तोही सांगितला."

आम्ही तडक फाट्यावर गेलो. उंच पत्र्याच्या बोर्डावरचा अर्धा चेहरा डांबराने काळा झाला होता, उरलेला अर्धा हसत होता. खाली पंक्चरचं दुकान होतं.

"पोर भर दुपारले वर चढनी व्हती साहेब," दुकानदार म्हणाला. "हातमा डांबरना डबा. मी वरडनू, पोरी, उतर! तेवढामा पाय सरकना." त्यानेच ट्रक थांबवून तिला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं.

वॉर्डात तिची नोंद 'अनोळखी महिला' अशी होती. कंबरेला जबर मार होता. तिने कुणालाही नाव सांगितलं नव्हतं. मी नानांना घेऊन गेलो. ते खाटेपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "खरं सांग माय, तू कधी तठी, त्या क्लबात, गेलती का?"

तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी घाईने म्हणालो, "नाना, ती कधीच गेली नाही. मी तपास केलाय." त्यांनी मान हलवली. पण विचारायचं ते विचारून झालं होतं.

क्लबवर छापा घातला, जुगार कायद्याखाली गुन्हा दाखल केला. दंड भरून क्लब पुन्हा सुरू झाला. बदनामीची फिर्याद द्यायला नाना तयार झाले नाहीत. "कोर्टात परत तोच फोटो सगळ्यायले दाखवतील," ते म्हणाले. मुलगी उभी राहिली, पण काठी कायमची सोबत आली.

शिंदखेड्याला मी स्वतः गेलो. मुलाच्या वडिलांना सगळा तपास समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगतस ते खरंच व्हई साहेब. पन ते चित्र सगळा गावनी देखेल शे. तुमनं बोलनं कितला जनसनी ऐकं?"

माझ्या हातात पुरावा होता, चित्रकाराचा जबाब होता, आणि आम्ही बसलो होतो त्या ओट्यावर त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढे मी अनेक ठाणी फिरलो. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन एखादा बाप आला की नोंद लिहायला घेण्याआधी मी त्याला विचारत असे, "ती जाण्याआधी तिच्याशी शेवटचं काय बोललात?" पुष्कळ बाप म्हणत, "बोललोच नाही साहेब." मग मी त्यांना खुर्ची द्यायला सांगायचो आणि तपास तिथून सुरू करायचो.