दरीपलीकडचा झेंडीवाला

निहार, सई —

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला कधी असलं काही दिसलंय का?" मी "हो" म्हणाले आणि तुमची आई हसली. हसणारच. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, आणि अमावस्या आहे म्हणून मी कधी कुठलं काम अडवलं नाही. तरीही जे पाहिलं ते क्रमाने लिहिते. तुमच्या त्या भुतांच्या गोष्टींच्या ग्रुपवर टाकायचं तर टाका.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी नवीन जालन्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि तुमचे आजोबा सर्व्हेची कामं घ्यायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे रेल्वेच्या एका मार्गाची पाहणी होती — भोकरदनच्या पुढे, जिथे सपाट रान संपून अजिंठ्याच्या रांगेतल्या दऱ्या सुरू होतात, तिथून. मार्ग तसा नवा नव्हता. निजामाच्या राज्यात इंग्रज इंजिनिअरांनी तो एकदा आखला होता आणि दरीपाशी येऊन सोडून दिला होता. त्यांचा दगडी खांब अलीकडच्या कड्यावर अजून उभा होता. काम का सोडलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत मी कॅम्पवर गेले. तिथे सखाराम आणि त्याची बायको कौसाबाई कामाला होते. मूळचे मेंढपाळ; त्यांची मेंढरं कॅम्पाशेजारीच बसायची. तो दरीपलीकडे जाऊन मोजणीसाठी झेंडी लावलेला रॉड धरायचा, ती आमचा स्वयंपाक करायची.

पहिल्याच सकाळी तिने आजोबांना सुनावलं, "साहेब, ह्या दरीवरून कोणी कोणाला हात करत न्हाई. नावानं हाक बी मारत न्हाई. मेंढराला सुदीक आम्ही शिट्टीच घालतो."

"मग मी काय शिट्टी वाजवत सर्व्हे करू?" आजोबा म्हणाले.

"गोऱ्या साहेबांनी बी हितूनच लाइन काढली व्हती. मंग सोडून गेले. ते काय येडे व्हते?"

सखाराम हसला. "हिचं ऐकू नका साहेब. ही मलाबी शिट्टीनंच बोलावती."

आणि रॉड खांद्यावर टाकून तो निघाला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आजोबांचा थिओडोलाइट — म्हणजे तिपाईवरची सर्व्हेची दुर्बीण — जुना होता. त्यातून सगळं उलटं दिसायचं. माणसाचं डोकं खाली, पाय वर. सर्व्हेवाल्यांना त्याची सवय होते. ते फक्त रॉडची उभी रेघ बघतात, तो धरणाऱ्याकडे लक्षही देत नाहीत. आदल्या संध्याकाळी मला गंमत म्हणून त्यांनी डोक्यावर उभा असलेला सखाराम दाखवला होता.

ऊन आमच्या पाठीशी होतं. आजोबा डोळा लावून हाताने खुणा करत होते — डावीकडे, अजून डावीकडे…

"हा गाढव हलत का नाही?"

मी दरीपलीकडे पाहिलं. सखाराम हलत होता. हळूहळू नाही, चांगला चालत होता… सरळ कड्याच्या टोकाकडे.

"अहो, तो हलतोय!"

"मला रॉड जागच्या जागी दिसतोय. तूच बघ."

मी डोळा लावला. डोंगर उलटा, झाडं उलटी, आकाश खाली. आणि त्या सगळ्या उलट्या जगात एक माणूस रॉड धरून *सरळ* उभा होता. डोकं वर, पाय खाली. दुसऱ्या हाताने तो कुणाला तरी जवळ बोलावत होता.

दुर्बिणीत जो सरळ, तो प्रत्यक्षात कसा? डोकं दरीकडे, पाय आकाशाकडे — हे कळलं आणि माझी मान आपोआप वर झाली. नुसत्या डोळ्यांना तिथे सखारामशिवाय कुणीच नव्हतं. त्याच्यापुढे कड्याची चार-दोन पावलं उरली होती.

कौसाबाई परात टाकून धावत आली. तोंडात बोटं घालून तिने शिट्टी मारली. पुन्हा मारली. तो थांबेना. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं — ती नजर मी विसरले नाही — आणि जिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिने दरीच्या तोंडाशी उभं राहून ते घेतलं.

"सखाराम!"

तो थांबला. खाली पाहिलं आणि मागच्या मागे बसला.

परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. आजोबा ओरडले, "मी हात करतोय म्हणून काय दरीत जाशील?"

"तुमचा हात मला कुठं दिसून राह्यला साहेब? डोळ्यावर ऊन. तो म्होरं उभा व्हता ना झेंडी घेऊन, तो बोलावत व्हता. म्या म्हणलं, तुम्हीच धाडला दुसरा माणूस."

"पुढे म्हणजे कुठे?"

"कड्याच्या पल्याड," असं म्हणून त्याने स्वतःच वळून दरीकडे पाहिलं.

मी कौसाबाईला म्हणाले, "तू वाचवलंस त्याला."

"जीव वाचला बाई," ती म्हणाली. "पर दरीतल्या त्याला नाव कळलं ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा सामान बांधत होते. लख्ख ऊन होतं. कौसाबाई तंबूत माझ्यासमोर कांदा चिरत बसली होती. तिचे ओठ मिटलेले मी पाहत होते… आणि दरीतून तिच्याच आवाजात हाक आली.

"सखाराम!"

बाहेर मेंढरांपाशी बसलेला सखाराम उठून चालू लागला. कौसाबाईने विळी तशीच टाकली आणि धावत जाऊन त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. आजोबा आणि मी त्याच्या हातांवर बसलो. हाका थांबेपर्यंत त्या माणसाने आम्हाला नखांनी ओरबाडलं. त्याच संध्याकाळी मेंढरं घेऊन दोघं मुलूख सोडून गेली.

आजोबांनी मार्ग दुसरीकडून सुचवला. दुर्बिणीतलं भिंग सैल असेल, म्हणाले. दरीत आवाज घुमतो, म्हणाले. आदल्या दिवशीची हाक दुसऱ्या दिवशी घुमते का, असं मी विचारलं. त्यांनी दुर्बिणीची पेटी बंद केली.

बऱ्याच वर्षांनी बदनापूर स्टेशनवर कौसाबाई भेटली. केस पिकलेले. गर्दीत पुढे गेलेल्या नवऱ्याला तिने चारचौघांत नावाने हाक मारली, आणि तो "ओ" देऊन वळला. ते नाव निराळंच होतं.

तिचा नवरा अजून हयात आहे, असं ऐकते. म्हणून शेवटी सांगते — सखाराम हे नाव मी मनाने घातलं आहे. त्याची खरी दोन्ही नावं मला पाठ आहेत, पण विचारू नका. सई, तुला गोष्टी मोठ्याने वाचायची सवय आहे.