काळी नखं

टिंक्चर आयोडीनचा वास आला की मला सिडकोतल्या आमच्या शेजारच्या मुलीचे पाय आठवतात. तेव्हा शेंद्र्याकडं नव्या कंपन्या येत होत्या, पार पडेगावपर्यंत प्लॉट पडत होते आणि आमच्या नळाला मात्र पाणी नव्हतं. कंपनीतल्या एका परदेशी साहेबाची बायको घरीच बॅले शिकवायची. तिनं आम्हा दोघींना चवड्यांवर उभं करून पाहिलं, शेजारणीला ठेवून घेतलं आणि मला बिस्किट दिलं. पुढं शेजारीण गच्चीवर गुलाबी सॅटिनचे बूट घालून बोटांच्या टोकांवर फिरायची, तर मी खाली टँकरच्या पाइपामागं धावायचे. तिच्याकडं बघून माझी आई म्हणायची, "हिला टाकीत डोकवायला लावा, शिडी लागायची नाय." सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे. एका दुपारी वर गेले तर ती बूट काढून बसलेली. नखं काळी पडली होती, अंगठ्याची सालं निघाली होती आणि तिची आई पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी घेऊन तिचे पाय धूत होती. मला आतून बरं वाटलं. "दुखतं का गं?" मी विचारलं. "लई," ती म्हणाली. "मग सोड ना!" आयोडीनचा बोळा अंगठ्यावर दाबत तिनं मान वर केली. तिला खरंच कळलं नव्हतं. "काय सोडू?" तिनं विचारलं. बुटांचा हेवा तिथंच संपला आणि त्या काळ्या नखांचा सुरू झाला. परवा पार्लरवाली माझे पाय हातात घेऊन कौतुकानं म्हणाली, "मॅडम, एक डाग नाय तुमच्या पायांवर!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.