गोळ्या घशाखाली उतरेपर्यंत

दिल्लीत करोल बागेतल्या अभ्यासिकेत तो माझ्या शेजारी बसायचा. सातपुड्यातला, धडगावकडचा पावरा आदिवासी. भर थंडीतही खिडकी उघडी ठेवायचा. कुणी कुरकुरलं तर हसून म्हणायचा, "हवा खेळू दे यार."

रोज सकाळी आठला जिन्यात जाऊन तो गावी धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा. तिला टीबी होता. उलट्या होतात म्हणून तिनं गोळ्या मध्येच सोडल्या आणि आजार इतका चिवट झाला, की नेहमीची औषधं लागूच पडेनात. नव्या गोळ्यांनी तिचा रंग काळवंडला होता, पाड्यावरचे लोक काहीबाही बोलत. हा पावरी बोलीत कधी दटावायचा, कधी लाडीगोडी लावायचा, पण तिनं गोळ्या गिळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मला तो जरा जुलमीच वाटे.

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला आमचं केंद्र नोएडात एकच आलं. फोन जमा करायची वेळ झाली, तरी तिकडे रेंज मिळेना.

"चल, गेट बंद होईल," मी त्याला ओढलं.

"आज गोळी चुकली तर उद्याही चुकेल."

शेवटी फोन लागला. ती पलीकडून फाडफाड बोलली आणि याचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, दादा, मी कधीच घेतल्या. मला माझ्यासाठी बरं व्हायचंय. तू पेपर लिही."

त्या वर्षी तो काही पास झाला नाही. बहिणीचा थुंकीचा रिपोर्ट मात्र आता साफ आलाय. शेजारच्या पाड्यावर एक बाई गोळ्या टाळते. तिच्याकडे ही बहीण रोज सकाळी चालत जाते.