सिस्टरांच्या देवळातला प्रसाद

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. भावाला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक कारण पुरे.

सुरुवात मात्र चांगल्या गोष्टीनं करते. घाबरट माणूस आधी गोड बोलून घेतो, तसं समजा.

नव्वदीच्या दशकात मी कोल्हापुरात सिस्टर लोकांच्या शाळेत मराठी शिकवायचे. आम्ही लिंगायत. शाहूपुरीत भांड्यांचं दुकान, ते माझा भाऊ अण्णा बघायचा. घरात अण्णा, वहिनी, बिनलग्नाची मी आणि आमची आई — अव्वा. अव्वा सीमेकडची; रागावली तरी कानडी, लाडात आली तरी कानडी, मधलं सगळं मराठी. शाळेतल्या सिस्टर सेलीन मंगळूरकडच्या. मराठी बोलताना अडखळायच्या, पण एकदा घरी आल्या आणि अव्वाशी कानडीत अशा रंगल्या, की मी माझ्याच घरात पाहुणी झाले.

या सिस्टरांनी दर शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत एक वर्ग सुरू केला होता — कॅथलिक धर्माची तोंडओळख. कुणीही यावं. मी गेले ती नाताळच्या नाटकापायी. बाळ येशूला भेटायला आले ते तीन राजे की तीन ज्ञानी, यावरून शिक्षकांत दरवर्षी जुंपायची. म्हटलं, एकदाचा निकाल लावावा. निकाल काही लागला नाही, मी मात्र तिथं अडकले. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, एकच कहाणी चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलेली, आणि ती चारही जपून ठेवलेली — याचं मला केवढं नवल वाटलं होतं! त्यानंतर पोरांच्या निबंधांवर माझी लाल रेघ जरा जपूनच चालू लागली. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, दोन भागांची असते हे तिथंच कळलं. आधी देवाचं वचन ऐकायचं, मग पंगत. पंगत हा शब्द सिस्टरांचाच. वाढणारा देव, आणि ताटातही देवच, असं त्या म्हणायच्या. आणि या सगळ्याच्या आधी प्रत्येकानं छातीवर हात मारून म्हणायचं, अपराध माझा. फादरसुद्धा? मी विचारलं होतं. "फादर पहिले," सिस्टर हसून म्हणाल्या.

एका शनिवारी त्यांनी भाकरीबद्दल सांगितलं. मिस्सामध्ये ती पातळ, पांढरी, गोल भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी त्यांची श्रद्धा. डावा तळहात पुढं करायचा, फादर त्यावर ती ठेवतात. ऐकता ऐकता मला अव्वा दिसली. रोज सकाळी अंघोळ झाली, की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ती त्याच्याकडं बघत बसायची. मी सिस्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या अव्वाजवळ जाऊन बस." मी बसले. जन्मभर त्या पूजेवरून ये-जा करत होते, कधी थांबून पाहिलंच नव्हतं. हे सिस्टरांनी मला दिलं. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, आणि हे सगळं वाचताना तेवढं विसरू नका.

त्याच शनिवारी त्यांनी आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. ही भाकर ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच घ्यायची. बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. मला ऐकू आलं होतं, कळलंही होतं. म्हणजे पुढं जे केलं ते अजाणता झालं, ही पळवाटही मला नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर अव्वाचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिला घास उतरेना. पेजेचा चमचासुद्धा परत यायचा. डॉक्टर म्हणाले, खायला लागली तरच उठेल. आम्ही काय करायचं ठेवलं? जोतिबाचा गुलाल आणला, मठातलं भस्म आणलं, वहिनीनं दर्ग्यातला दोरा आणून मनगटाला बांधला. मग एका रविवारी मी मिस्साला गेले. रांगेत उभी राहिले, डावा तळहात पुढं केला. भाकर हातावर आली — आणि सवयीनं मी ती डोळ्यांना लावली, मूठ मिटली आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

अव्वानं ती तळहातावर घेतली, न्याहाळली. "ह्यो कुठला परसाद गं?"

"सिस्टरांच्या देवळातला."

"मग दे की," म्हणाली, आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. ती पोटात राहिली. दुसऱ्या दिवशी पेजही राहिली. भाकरीनं झालं की औषधानं, मला माहीत नाही. अव्वा उठली, एवढं खरं.

चार दिवसांनी सिस्टर तिला बघायला आल्या. मी आत चहा टाकत होते. अव्वाचं कानडी बोलणं भिंतीपलीकडून ऐकू आलं — तुमच्या देवळातला प्रसाद लागू पडला बाई, पोरीनं मुठीत झाकून आणला. माझ्या हातून चहात दुसऱ्यांदा साखर पडली. मग सिस्टर म्हणाल्या, "ओळ्ळेदाय्तु, अव्वा." बरं झालं. मी चहा नेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि साखर थोडी जास्त झाली म्हणाल्या.

शनिवारी वर्गात फादर आले. रविवारी एका म्हाताऱ्या काकांनी मागून पाहिलं होतं. चेहरा दिसला नव्हता. पण भाकर डोळ्यांना लावून मुठीत नेणारी बाई ख्रिस्ती नव्हे, ती या वर्गातलीच असणार, हे उघड होतं. फादर रागावले नव्हते. फार दुखावले होते, ते वाईट. एवढंच म्हणाले, जी असेल तिनं सांगावं. मी दुसऱ्या बाकावर होते. सिस्टर खिडकीकडं बघत होत्या — माझ्याकडं एकदाही नाही. कुणीच बोलेना, तेव्हा त्या उठल्या. "चूक माझी, फादर. मी शिकवण्यात कमी पडले."

आणि मी? मी पदराचं टोक पिळत बसले. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. पेठेत कळलं असतं तर पोरगी बाटली म्हणून अण्णाच्या दुकानावर चर्चा झाली असती. भीती खरी होती. पण ती नसती तरी मी उठले असते का? मला नाही वाटत. परतताना सोबतची एक बाई चिडून म्हणाली, "कोण असंल गं ती बया? सिस्टरांचं वाटुळं केलं की!" मी म्हटलं, "व्हय की."

वर्ग बंद झाला. जूनमध्ये सिस्टरांची बदली दूरच्या एका गावी, वसतिगृहावर झाली.

पुढं काही वर्षांनी, दोन हजारनंतर, अव्वा गेली. तिला माती द्यायला सिस्टर एस्टीनं आल्या, चपला धुळीनं माखलेल्या. सगळं आटोपल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. आता बोलावं — जीभ वळलीही होती. मी विचारलं, "चहा टाकू?" त्या म्हणाल्या, "टाक. साखर कमी." चहा पिऊन त्या शेवटच्या गाडीनं गेल्या. नंतर त्या वारल्याचं शाळेत कळलं.

अव्वामागं मीही रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसते. घाई करत नाही, नीट बघते. ते त्या खोलीत शिकले. आणि बसण्याआधी छातीवर एकदा हात मारते. हे आमच्यात नाही. वहिनी विचारते, छातीत दुखतंय का गं? मी म्हणते, जरा खोकला आहे.

खोकला नाही. भाकर मी नेली होती. सिस्टर उभ्या राहिल्या तेव्हा मी बसून राहिले.