अर्धं तुझं

रुबिएलाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी काळपट वळ आहे. कॉफीच्या तोडणीची टोपली एकेचाळीस वर्षं त्याच जागी बांधली, त्याचा तो वळ. भरलेली टोपली बारा किलोच्या घरात जाते. ती पोटाशी घेऊन उतारावर पाय रोवून उभं राहायचं आणि दोन्ही हात एकदम चालवायचे. फळ पिरगाळून काढायचं, ओढायचं नाही. लाल तेवढं घ्यायचं, हिरवं झाडावर ठेवायचं. टोपलीत हिरवं फळ सापडणं म्हणजे तिच्या हेनोवा गावाच्या डोंगरात चोरी सापडण्याइतकी लाज. आणखी एक नियम आहे. कमरेला टोपली बांधली की हातातली ओळ संपल्याशिवाय सोडायची नाही. मग पाऊस येवो, नाहीतर बाईला कळा येवोत. थोरल्याच्या वेळी रुबिएलाला कळा आल्या होत्या. तिने ओळ संपवली आणि मगच ती खाली उतरली.

मागच्या मोसमात गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने टोपली मुकादमाच्या हवाली केली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “आर्सेसिओ, मला एक दिवस पाहिजे.”

“कसला दिवस?”

“उजाडल्यापासून मावळेपर्यंत कमरेला काही बांधायचं नाही, असा. आणि त्या कॉफीच्या पार्कात रोपवे आहे म्हणतात. त्यात बसायचंय.”

“पार्कात? अगं म्हातारे, तिथेही कॉफीचीच झाडं. आयुष्यभर बघितलीस ती कमी पडली का?”

“खालून बघितली. वरून नाही.”

ते खरं होतं. ओळीत उभं राहिलं की समोर एक झाड, त्यामागे एक झाड, आणि मुकादमाचा आवाज. एवढ्या ओळी तोडल्या, पण अख्खा मळा कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं.

आर्सेसिओ बोलण्यात पहिल्यापासून पटाईत. चार महिन्यांनी एक दिवस तो गावातून आला तोच शीळ घालत. “ठरलं, म्हातारे. पुढच्या आठवड्यात आपली सुट्टी. भाचीकडे उतरू आणि दुसऱ्या दिवशी पार्क. तिकिटांची सोय झालीय.”

सोय कशी झाली हे तिने विचारलं नाही. नवऱ्याने एवढी खटपट केली याचंच तिला अप्रूप वाटलं.

निघायच्या सकाळी तिने केळीच्या पानात मक्याच्या जाड भाकऱ्या, आरेपा, बांधल्या. त्याने पिशवीत तिची जुनी वेताची टोपी आणि फुलांचा घोळदार झगा कोंबला.

“पार्कात काय लग्न आहे कुणाचं?”

“ऊन असतं गं तिथे. आणि फोटो काढू. बरा दिसतो तो तुला.”

जीपच्या मागच्या फळीवर बसून डोंगर उतरताना ती मुलीसारखी हसत होती. “म्हाताऱ्या, रोपवेत बसल्यावर माझा हात धरायचा हं. पडले तर तुला आरेपा कोण करून घालणार?”

“पडलीस तर शेजारीण आहे.”

“तिच्या आरेपा खाल्ल्यास तर तूच पडशील.”

दुसऱ्या दिवशी पार्काच्या दारात मोठी रांग होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधत होते. यांची पाळी आली तेव्हा मारिसेल नावाची मुलगी धावतच पुढे आली. तिच्या हातात कागद होता.

“आर्सेसिओ आजोबा ना? आणि ह्या आजी! या, या, तुमचीच वाट बघत होतो.” तिने दोघांच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली.

“आमची हिरवी का गं?” रुबिएलाने विचारलं.

“कार्यक्रमवाल्यांची हिरवी असते, आजी. पहिला खेळ अकराला, मग दोनला, मग चारला. अर्ध्या अर्ध्या तासाचे. तुमच्या टोपल्या आत ठेवल्यात. झगा आणलात ना?”

रुबिएलाने नवऱ्याकडे बघितलं. तो डोक्यावरची आपली वेताची टोपी नीट करत होता.

“काय ठरवलंस तू?”

“अगं, काही नाही. लोकांना जरा तोडणी करून दाखवायची. गंमत म्हणून. जेवण त्यांचंच, आणि मधल्या वेळात सगळं फुकट फिरायचं.”

“टोपली बांधून.”

“अर्धा तास गं!”

“तीन वेळा. म्हणजे दीड तास. वर कपडे बदलायचे, उन्हात थांबायचं. हे तू आठवड्यापूर्वीच ठरवलंस?”

“तुला आवडेल असं वाटलं. लोक टाळ्या वाजवतात, म्हातारे. आपल्याला कधी कुणी टाळ्या वाजवल्या?”

‘तुला आवडेल असं वाटलं’ म्हणणाऱ्या माणसाने आठवडाभर सोयीबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे आवडणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने झगा पिशवीत भरला तेव्हा ती हसली होती. आता त्या हसण्याचीच तिला लाज वाटली.

तरी तिने झगा घातला. दारातून परत फिरायचं तर कुठे जायचं? भाचीला काय सांगायचं? मारिसेलने टोपलीचा पट्टा मागून आवळला तेव्हा तो वळावर बरोबर बसला. तेवढ्याने कमरेला जुनं सगळं आठवलं.

खेळाची जागा म्हणजे शे-सव्वाशे झाडांची उतरण. समोर लाकडी बाकांवर पिवळ्या पट्ट्यांचे लोक, आइस्क्रीम चाटणारी पोरं. मोसम नव्हता, झाडावर मोजकीच फळं लाल होती. म्हणून टोपलीच्या तळाशी आधीच बाहेरून आणलेली लाल फळं भरून ठेवलेली. रुबिएलाने बोटाने ती उकरली. खाली हिरवीही होती. तिने हात मागे घेतला.

खेळ सुरू झाला. तिचे हात चालू लागले. ते कुणाला विचारत नाहीत. दोन झाडं झाली, तीन झाली. लोक फोटो काढत होते. मारिसेल ध्वनिक्षेपकावर बोलत होती. “आणि आता भेटू या त्या माणसाला, ज्याने एका दिवसात सगळ्या डोंगराला मागे टाकलं होतं!”

आर्सेसिओने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

त्या दिवशी काय झालं होतं ते फक्त दोघांना ठाऊक होतं. मळ्याच्या मालकाने तोडणीची शर्यत लावली होती, पुरुषांची. जोडप्याची फळं नेहमीच एका पोत्यात आणि नवऱ्याच्या नावावर काट्यावर चढत, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. रुबिएला धाकटीला पाळणाघराच्या बाईकडे ठेवून आली आणि शेजारच्या ओळीत उभी राहिली. तिची टोपली भरली की ती त्याच्या पोत्यात रिकामी व्हायची. संध्याकाळी काट्याने त्याचं नाव पहिलं दाखवलं. गर्दीने त्याला खांद्यावर उचललं. खाली उतरल्यावर तो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला होता आणि कानाशी लागून म्हणाला होता, “अर्धं तुझं.”

एवढंच. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. हात आखडायचे, पाठ धरायची, मुकादम शिव्या द्यायचा, तेव्हा ती ते शब्द मनात काढून बघायची आणि परत ठेवून द्यायची. सत्तावीस वर्षं.

“मंडळी,” आर्सेसिओ म्हणाला. त्याने दोन्ही तळवे लोकांसमोर धरले. “हे बघा. या दोन हातांनी! दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मुकादमाला काटा खोटा वाटला, दोनदा वजन केलं!”

टाळ्या झाल्या. एक बाई ओरडली, “आणि आजी काय करत होत्या?”

“आजी?” तो हसला. “आजी घरी डाळ शिजवत होती! कुणीतरी शिजवायला पाहिजे ना!”

लोक खदाखदा हसले. आइस्क्रीमवाली पोरंही हसली.

रुबिएलाचे हात थांबले. ओळीत अजून सहा झाडं होती. तिने मागे हात नेला, पट्ट्याची गाठ सोडली आणि टोपली काढली. ओळ अर्धी असताना टोपली सोडण्याची ही तिची पहिली वेळ. ती उतरण चढून बाकांसमोर गेली आणि टोपली नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

“घ्या,” ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याला तिने ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. “दोन हात आहेत ना तुमचे? उरलेली सहा झाडं तुमची. दोनची पण, चारची पण.”

“म्हातारे, लोक बघतायत...”

“लोकांना खाली बघू द्या. टोपलीच्या तळाला हिरवी आहेत. तुमच्या नावावर.”

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मारिसेल मागून धावत आली. “आजी, दोनचा खेळ आहे हो!”

“आज माझी सुट्टी आहे, पोरी.”

रोपवेच्या दारात माणसाने तिचं मनगट बघितलं. “हिरवी पट्टी चारच्या खेळानंतर.” रुबिएलाने दातांनी पट्टी तोडली, पैशांच्या रुमालाची गाठ सोडली आणि खिडकीवर जाऊन स्वतःचं तिकीट काढलं.

पाळणा वर गेला. शेजारची जागा रिकामी होती. खाली मळा उघडला. ओळी किती सरळ होत्या! पलीकडच्या डोंगरावरच्याही सरळ. त्या कुणीतरी अशाच सरळ लावल्या होत्या, आणि तिच्यासारख्या बायकांनी खालून एकेक झाड करत त्या सांभाळल्या होत्या. उतरणीवर एक वेताची टोपी झाडाझाडाशी थांबत चालली होती. फांदीला ओढ बसत होती. तो पिरगाळत नव्हता, ओरबाडत होता. घाई झाली की तो पूर्वीही तसंच करायचा. मग ती मागून जाऊन त्याच्या टोपलीतली हिरवी वेचून काढायची.

तिने मांडीवर बघितलं. तिचा अंगठा आणि दोन बोटं हवेत काहीतरी पिरगाळत होती. तिने दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवली. पाळणा खाली येईपर्यंत धरून ठेवली.

ती तीन वेळा वर गेली. दर वेळी खिडकीवर जाऊन तिकीट काढलं.

साडेचारला आर्सेसिओ बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला. घामेजलेला होता. नखांत हिरवा चीक होता. हातात मोठं गोल बिस्किट होतं, मधे दुधाचा पातळसर खवा लावलेलं. लहानपणापासून तिला आवडणारं.

“वरून कसं दिसतं?”

“सरळ.”

“मी दिसलो?”

“दिसलात. लहान दिसता.”

मग त्याने बिस्किट मधोमध मोडलं आणि एक तुकडा तिच्यापुढे धरला. तोंडातून नकळत आलं, “अर्धं तुझं.”

बोलल्यावर त्याला कळलं. पण हात पुढेच राहिला.

रुबिएलाने पिशवी उघडली, केळीच्या पानातली कालची गार आरेपा काढली आणि एकटी खाऊ लागली. उन्हात खवा वितळून त्याच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळला, हिरव्या पट्टीपर्यंत. बस आली तेव्हा ती पुढच्या बाकावर, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.