द्वारकाच्या नावाची घागर

बायांनो, हा कागद मंडळाच्या भिंतीवर रागातच डकवते आहे. आमच्या घरच्यांनी वाचला तर खुशाल वाचू द्या.

मी यांची पाटाची बायको. पहिलीशी, द्वारकाशी, फारकत झाली, पण भांड्यांची वाटणी राहिली होती. आज दुपारी ती भावाची बैलगाडी घेऊन भडगावहून आली. पंच म्हणून नाना बसले. ज्या भांड्यावर तिच्या वडिलांचं नाव ते तिचं, बाकीचं आमचं.

शेताचा तुकडा तिच्या मुलीच्या नावे करायचं ठरलं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. लेकराचा हक्कच आहे.

मग नानांनी तांब्याची घागर उचलून वाचलं, "सौ. द्वारका हिला प्रेमाने." आणि पुढे यांचं नाव! वर्षभर मी ती चिंचेनं घासली. अक्षरं दिसायची, पण तीही तिच्या माहेरचीच असतील म्हणून कधी वाचली नाहीत.

वडिलांचं नाव नाही, म्हणून घागर आमच्याकडे आली. द्वारका हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आठेच. पानी तर तुलेच भरनं शे."

ती गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. या घरात माझं नाव कशावर आहे?

हे शांतपणे म्हणाले, "तुन्हं नाव बी टाकी देसू. खाले जागा शे ना."

खाली!

आता घरात पाण्याचा थेंब नाही. बाकीच्या घागरी द्वारकाच्या गाडीतून गेल्या. सांगा बायांनो, ही तुम्ही डोक्यावर घेतली असती?